आगाऊ आनंद आणि आगाऊपणा



स्मृतिव्याख्यान होऊन गेलेल्याचे ऋण मानण्यासाठी असते. आजचा विषय मात्र अजून न घडलेल्या गोष्टीच्या उत्सवाचा आहे. जपानी भाषेत या प्रथेला ‘योशुकु’ म्हणतात. ‘यो’ म्हणजे आधी, ‘शुकु’ म्हणजे साजरे करणे. पीक हाती येण्याआधी, खरे तर बी पेरण्याआधीच, पीक आल्याचा सोहळा करायचा. मी याला ‘आगाऊ आनंद’ म्हणणार आहे आणि हा शब्द मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडे आगाऊ भाडे भरणारा माणूस भला समजला जातो आणि आगाऊ बोलणारा माणूस बोलणी खातो. शब्द एकच, पण पहिल्या अर्थात जबाबदारी आहे आणि दुसऱ्यात उतावळेपणा. योशुकु या दोहोंपैकी काय आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. मराठी माणसाचा पहिला कौल कोणता असेल, हे ठाऊक आहे. बाजारात तुरी असताना भटणीला मारणारा भट आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला नवरदेव यांना आपल्या भाषेने कायमचे हास्यास्पद करून ठेवले आहे. तरीही या घाईच्या निकालाचा फेरविचार करावा, असे मला वाटते. निदान प्रथेचे मूळ रूप आणि तिचे आजचे बाजारी रूप एकाच तागडीत तोलले जाऊ नये.

आधी आजचे रूप पाहू, कारण जगभर ‘योशुकु’ हा शब्द पोचला तो त्याच्याच पाठीवर बसून. २०१८ साली हिसुई कोतारो आणि ओशिमा केइसुके या दोघांचे, आगाऊ उत्सवाचा ‘नियम’ सांगणारे एक पुस्तक जपानमध्ये निघाले. दोघांपैकी ओशिमा मूळचे खानावळीच्या धंद्यातले. त्यांच्या खानावळीतली सकाळची जोशपूर्ण सभा गाजलेली होती. नंतर ते शाळकरी बेसबॉल संघांना मानसिक तयारीचे धडे देऊ लागले. या पंथातली कृती साधी आहे. जे हवे ते मिळालेच आहे असे धरायचे, चार मित्र जमवायचे, पेले उंचवायचे, एकमेकांचे अभिनंदन करायचे आणि यशानंतरचे आभाराचे भाषण आजच ठोकून टाकायचे. मन प्रसन्न झाले की काम आपोआप चांगले होते, असा त्यामागचा हिशेब. ही कल्पना नवी नाही, आपल्या पूर्वजांचीच आहे, हे पटवण्यासाठी चेरीच्या बहराखालच्या ‘हानामी’चा दाखला हमखास दिला जातो: ‘साकुरा’ शब्दातला ‘सा’ म्हणजे भाताचा देव, ‘कुरा’ म्हणजे त्याचे आसन, म्हणून बहराखाली बसून खाणेपिणे म्हणजे शरदातल्या पिकाचा आगाऊ उत्सव. ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण भाषेचे अभ्यासक ती निर्विवाद मानत नाहीत. ‘साकु’ म्हणजे फुलणे या साध्या क्रियापदाकडे बोट दाखवणारेही आहेत. बहर पाहून पिकाचा अंदाज बांधण्याची जुनी धारणा ओरिकुची शिनोबु या थोर अभ्यासकाने मांडली होती, हे खरे. परंतु आजची हानामी दरबारातून आली आहे. सम्राट सागाने ८१२ साली क्योतोच्या राजोद्यानात फुलांची मेजवानी दिली, आणि अठराव्या शतकात शोगुन योशिमुनेने एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, आसुकायामा टेकडीवर झाडे लावून ती सामान्यांपर्यंत आणली. तेव्हा हानामीवर सगळा डोलारा उभा करणे धोक्याचे. पुरावा शोधायचा तर तो फुलांत नाही, चिखलात शोधावा लागतो.

लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांच्या परिभाषेत योशुकु म्हणजे मुख्यतः ‘कोशोगात्सु’चे विधी. कोशोगात्सु म्हणजे छोटे नववर्ष, जुन्या पंचांगातल्या पहिल्या महिन्याची पौर्णिमा आणि तिच्या आसपासचे दिवस. शेत बर्फाखाली असते आणि माणसे घरात कोंडलेली. अशा वेळी उत्तरेकडच्या काही गावांत अंगणातल्या बर्फातच ‘लावणी’ करतात. भाताच्या पेंढ्याच्या आणि सोयाबीनच्या काड्यांच्या जुड्या रोपांसारख्या ओळीने बर्फात खोचायच्या, डोक्यावर लावणीची टोपी, कमरेला पेंढ्याचा पट्टा, सगळा सरंजाम खरा. आकिता प्रांतात ही रीत अजून पाहायला मिळते. काही दिवसांनी त्या काड्या कशा झुकल्या ते बघायचे: ताठ उभ्या राहिल्या तर कणसे पोचट, आडव्या झाल्या तर वादळ, दाण्याने जड झालेल्या ओंबीसारख्या बेताने वाकल्या तर वर्ष चांगले. माझ्या युक्तिवादाला पुढे हीच गोष्ट लागणार आहे. हा उत्सव करणाऱ्याने प्रतिकूल उत्तर ऐकायची तयारी उत्सवातच ठेवलेली आहे.

आओमोरी प्रांतातल्या हाचिनोहे शहरात १७ ते २० फेब्रुवारी या चार दिवसांत ‘एनबुरी’ चालते. हे नाव, बहुतेकांच्या मते, चिखलणीनंतर वाफा सपाट करायच्या दांडेवाल्या फळीच्या नावावरून आले आहे. म्हणजे सणाला देवाचे किंवा धान्याचे नाव नाही, अवजाराचे आहे. तायू नावाचे नर्तक घोड्याच्या डोक्याच्या आकाराची रंगीत, उंच शिरोभूषणे घालतात आणि कमरेत वाकून, डोके जमिनीलगत घोळवत नाचतात. या नाचाला तिथले लोक नाच म्हणत नाहीत, ‘सुरी’ म्हणतात, म्हणजे घासणे, जमीन घासून सारखी करणे. मधूनमधून लहान मुले येतात; त्यांतला एबिसू देवाचा वेश घेतलेला मुलगा गळ टाकून मासा पकडण्याची नक्कल करतो, कारण हाचिनोहे बंदरही आहे. मेइजी काळाच्या आरंभी, आधुनिकतेच्या उत्साहात, या प्रकारावर बंदी आली होती. १८८१ मध्ये स्थानिक मंदिराच्या उत्सवाशी जोडून तो पुन्हा उभा राहिला.

सर्वांत तपशीलवार साक्ष मात्र टोकियो महानगरातच आहे. इताबाशी भागात, टोकुमारूच्या किटानो देवळात ११ फेब्रुवारीला आणि आकात्सुकाच्या सुवा देवळात १३ फेब्रुवारीला ‘ता-आसोबी’ होते. शब्दशः अर्थ ‘शेत-खेळ’. संध्याकाळच्या थंडीत देवळाच्या आवारात चार खांब रोवून चौक आखतात, मध्ये मोठा ढोल ठेवतात. तो ढोल हेच शेत. त्याभोवती माणसे उभी राहतात आणि एकेका कामाचे शब्द म्हणत ते काम करून दाखवतात. शेताची मोजणी, नांगरणी, पेरणी, पाखरांची राखण, लावणी, बेणणी, कापणी आणि शेवटी धान्य कोठारात भरणे. लावणीच्या वेळी लहान मुलाला उचलून ढोलावर घेतात. पूर्ण वर्षाची कामे, क्रम न चुकवता, एका संध्याकाळी. १९७६ साली जपान सरकारने हा विधी महत्त्वाचा लोकवारसा म्हणून नोंदवला.

आता या सगळ्यात मला जे दिसते ते सांगतो. माझे प्रतिपादन हेच आहे. जुन्या योशुकुत फळ साजरे होत नाही, काम साजरे होते. ता-आसोबीत कोठार भरण्याचा प्रसंग आहे, पण तो शेवटी आहे आणि त्याच्याआधी नांगरणीपासून बेणणीपर्यंतचा एकही टप्पा गाळलेला नाही. बेणणीसारखे कंटाळवाणे, पाठ मोडणारे कामसुद्धा ज्या उत्सवात स्वतःच्या पाळीने येते, त्याला दिवास्वप्न कसे म्हणायचे? राजदरबाराचा पुरावाही याच बाजूचा आहे. दहाव्या शतकातील ‘एंगिशिकी’ या विधिसंग्रहात वसंतातल्या ‘तोशिगोई’ विधीची प्रार्थना दिली आहे, आणि त्याच संग्रहात ३,१३२ देवतांची यादी आहे. त्या प्रार्थनेत पिकाचे वर्णन येते ते कोपरांवरून फेसाळ पाणी ओघळत आणि मांड्यांना चिखल फासत माणसांनी पिकवलेले भात म्हणून. देवाला सांगतानाही घामाचा उल्लेख टाळलेला नाही. आणि पुढे करार आहे: तू भरभरून दे, मग नव्या पिकाचा पहिला वाटा हजारो कणसांनी तुझ्यापुढे मांडू. शरदातला ‘नीनामे’ हा नव्या अन्नाचा विधी ही त्या कराराची पूर्तता. आगाऊ रक्कम भरताना पावती असते तशी ही वर्षाची दोन टोके एकमेकांना बांधलेली आहेत. जपानीतले ‘इवाऊ’ म्हणजे साजरे करणे हे क्रियापदसुद्धा मुळात सोवळ्याने राहून, पथ्य पाळून शुभाची वाट पाहणे या अर्थाचे होते. मौजमजा हा त्याचा नंतरचा अर्थ.

या विधींचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर सामाजिक आहे, आणि ते अनुमान आहे हे मी मान्य करतो. भाताची लावणी एकट्याने होत नाही. पाणी आणि रोपे दोन्ही तयार असण्याचे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत घराघरांनी एकमेकांच्या वाफ्यात उतरावे लागते. जपानी खेड्यांत या अंगमेहनतीच्या देवघेवीला ‘युई’ म्हणत; आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आता कल्पना करा, फेब्रुवारीच्या थंडीत त्याच माणसांनी चारचौघांत, एकमेकांकडे बघत, कामाचा प्रत्येक टप्पा ओळीने करून दाखवला आहे. मे-जूनमध्ये कोण कुठे उभा राहणार, याची ती रंगीत तालीम झाली, आणि मुलांसाठी शाळा. डोहाळजेवणाशी तुलना सुचेल, पण ती तोकडी पडते. तिथे गर्भ आधीच राहिलेला असतो. इथे बी अजून कणगीतून बाहेर काढलेले नाही. हातात काहीच नसताना माणसे ज्याची हमी देऊ शकतात ती एकच वस्तू आहे, स्वतःचे श्रम. म्हणून उत्सव श्रमांचा.

यावर पहिला आक्षेप असा की ही सारी जादूटोण्याची सारवासारव आहे. फ्रेझरने ‘गोल्डन बाउ’मध्ये अनुकरणाच्या जादूचा सिद्धान्त मांडला: माणूस पावसाची नक्कल करतो, कारण तशाने पाऊस पडतो असे त्याला वाटते. त्या चष्म्यातून बर्फातली लावणी ही भोळी समजूतच ठरते. मात्र यावर विट्गेन्स्टाइनने फ्रेझर वाचताना काढलेली शंका मला निरुत्तर करणारी वाटते. पावसासाठीचे विधी लोक पावसाळ्याच्या तोंडावर करतात, ऐन कोरड्या दिवसांत नाही. पहाट आणण्याचे विधी पहाटे करतात, मध्यरात्री नुसता दिवा लावतात. ज्याला खरोखर कार्यकारणभाव वाटतो तो वेळेचा असा मान ठेवणार नाही. मालिनोव्स्कीनेही ट्रोब्रिअंड बेटांवरच्या शेतकऱ्यांबद्दल हेच नोंदवले: मंत्र म्हणून कोणी कुदळ खाली ठेवत नाही. जपानातही बर्फात काड्या खोचून कोणी उन्हाळ्यात झोपून राहिले नाही. श्रद्धेचा भाग नाकारायचे कारण नाही, पण श्रद्धेने श्रमांची जागा घेतली असे दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, आणि त्यापुढे मला थोडे नमते घ्यावे लागते. सगळेच विधी कामाचे नाहीत. कोशोगात्सुच्याच दिवसांत घरोघरी झाडाच्या फांद्यांना तांदळाच्या पिठाचे लाल-पांढरे गोळे लावतात. त्यांना ‘मोचीबाना’ म्हणतात. गुन्मा, नागानो अशा रेशमाच्या प्रदेशांत ते ‘मायुदामा’ होतात, म्हणजे कोश. इथे किड्यांना तुतीचा पाला घालणे नाही, रात्रीची जागरणे नाहीत. थेट कोशांनी लगडलेली फांदी. हे निखळ फळ आहे. माझ्या सिद्धान्ताला हा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच राहू द्यावा. पण याच दिवसांतला ‘नारिकिझेमे’ बघा. दोघे जण पर्सिमनच्या झाडापाशी जातात. एकाच्या हातात कुऱ्हाड. तो झाडाला दरडावतो, यंदा फळणार की नाही, नाही तर तोडतो. दुसरा झाडाच्या वतीने कबूल करतो, फळतो, फळतो. मग झाडाला एक खाच पाडायची आणि तिथे लाल चवळीसारख्या अझुकीच्या दाण्यांची पेज चोळायची. धमकी, वचन आणि मलमपट्टी. फळाचा उत्सव आहे, पण फळ गृहीत धरलेले नाही. ते न येण्याची शक्यता कुऱ्हाडीच्या रूपाने समोर उभी आहे. (झाडाच्या वतीने बोलणारा माणूस लागतो, हेही लक्षात घेण्यासारखे. आपल्या वतीने बोलणारे इतके तत्पर जामीनदार आपल्याला क्वचितच मिळतात.)

फळ गृहीत धरण्याबद्दल जपानी परंपरा स्वतःच कमालीची सावध आहे, आणि योशुकुचा प्रचार करणारे नेमके हे सांगत नाहीत. ‘कोतोआगे’ म्हणजे तोंडाने मोठी गोष्ट जाहीर करणे. शब्दात शक्ती असते असे मानणाऱ्या समाजात हे जोखमीचे समजले गेले. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त यामातो ताकेरू हा वीर इबुकी पर्वतावर पांढरे रानडुक्कर पाहतो आणि जाहीर करतो की हा देवाचा नुसता दूत आहे, परतताना मारीन. तो प्रत्यक्ष देवच असतो. गारांचा मारा होतो, वीर खचतो आणि घरी पोचण्याआधी मरतो. ‘परतताना मारीन’ हे वाक्य म्हणजे शुद्ध आगाऊपणा. त्यात काम नाही, फक्त निकाल आहे. ताकासाकीच्या दारुमा बाहुलीतही हाच संयम आहे. ज्याच्या नावाने ती बाहुली बनते तो बोधिधर्म परंपरेनुसार भारतातून गेलेला. बाहुलीला डोळे रंगवलेले नसतात. इच्छा धरताना एकच डोळा काढायचा, दुसरा इच्छा पुरी झाल्यावर. निवडणूक जिंकलेले जपानी पुढारी छायाचित्रकारांसमोर जो डोळा रंगवतात तो हा दुसरा. तो आधीच रंगवून टाका, असे कोणी सुचवत नाही.

या दोन प्रवृत्तींचा सामना अलीकडे बेसबॉलच्या मैदानात झाला. हानशिन टायगर्स या ओसाका-कोबे परिसराच्या लाडक्या संघाचे व्यवस्थापक यानो आकिहिरो योशुकुचे भक्त होते. २०२२ च्या मोसमापूर्वी ओकिनावातल्या सराव शिबिरात खेळाडूंनी त्यांना हवेत उडवून झेलले. जपानमध्ये हा मान अजिंक्यपद मिळवल्यावर व्यवस्थापकाला मिळतो. मोसम सुरू झाला आणि संघ ओळीने पहिले ९ सामने हरला. सेंट्रल लीगमध्ये इतकी वाईट सुरुवात कोणाची झाली नव्हती. अखेरीस ६८ विजय, ७१ पराभव आणि तिसरे स्थान. २०२३ मध्ये ओकादा आकिनोबु आले. त्यांनी ‘अजिंक्यपद’ हा शब्दच वर्ज्य केला आणि त्याऐवजी ‘आरे’ म्हणजे नुसते ‘ते’ म्हणायला सुरुवात केली, नवऱ्याचे नाव न घेता ‘हे’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या बायकांसारखे. त्या वर्षी १४ सप्टेंबरला ‘ते’ १८ वर्षांनी मिळाले, नोव्हेंबरमध्ये ३८ वर्षांनी जपान सीरिजही मिळाली, आणि ‘आरे’ हा वर्षाचा गाजलेला शब्द ठरला. यावरून योशुकु खोटे ठरले असे मी म्हणणार नाही. एका संघाच्या दोन मोसमांनी काहीच सिद्ध होत नसते. गोलंदाजी सुधारली की शब्दांचे महत्त्व कमी होते. शिवाय योशुकुवाल्यांनी ९ पराभव विसरावेत आणि मी तेवढेच लक्षात ठेवावेत, हा न्याय नाही.

म्हणून तिसऱ्या आक्षेपाला जरा पक्क्या पुराव्याने उत्तर द्यायला हवे. आक्षेप असा: आशा आणि आत्मविश्वास कामाला बळ देतात, मग आगाऊ आनंदाचे आजचे रूपही चांगलेच की! इथे मानसशास्त्राने एक उपयोगी फरक केला आहे. गाब्रिएले एटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन घटवण्याच्या उपचारांतल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवाच्या आधारावर ‘जमेल’ असे मानणाऱ्यांचे वजन जास्त उतरले. पण बारीक झाल्याची गोड चित्रे मनात रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या एकाच घरच्या दोन बहिणी नाहीत. १९९९ मधला लिएन फाम आणि शेली टेलर यांचा प्रयोग याहून नेमका आहे. परीक्षेच्या आधी काही दिवस विद्यार्थ्यांच्या एका गटाने उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य रोज मनात पाहिले. दुसऱ्याने आपण कुठे, कसा अभ्यास करत आहोत ते पाहिले. ज्यांनी अभ्यास पाहिला त्यांनी अभ्यास जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. इताबाशीच्या ढोलाभोवतीच्या माणसांनी हा प्रयोग वाचलेला नव्हता. पण ते नेमके दुसऱ्या गटात बसतात, आणि पेला उंचावून आभाराचे भाषण करणारे पहिल्या गटात.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. टोकुमारूच्या खालची भातखाचरे आता नाहीत. तिथे १९७२ पासून ताकाशिमादाइरा ही दहा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी आहे. शेत नाही तर शेत-खेळ कशाचा? काही जण याला जतन केलेला देखावा म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. सरकारी वारशाचा शिक्का बसला की विधीत थोडा ताठरपणा येतोच. परंतु पीक बुडालेल्या वर्षांकडेही पाहावे लागेल. हाचिनोहेच्या परिसरात उन्हाळ्यात समुद्रावरून ‘यामासे’ नावाचा थंड, दमट वारा येतो आणि भात फुलोऱ्यातच पोचट होते. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात सरासरी पीक १०० धरले तर देशाचे पीक ७४ वर आले आणि आओमोरीचे २८ वर. तांदूळ थायलंडहून आणावा लागला. फेब्रुवारीतली एनबुरी त्या वर्षी सपशेल ‘खोटी’ ठरली. फळाचा उत्सव असता तर इतक्या मोठ्या फसवणुकीनंतर तो बंद पडला असता, निदान टिंगलीचा विषय तरी झाला असता. एनबुरी आजही दर फेब्रुवारीत निघते. पुढच्या, १९९४ च्या कडक उन्हाळ्यात देशाचे पीक १०९ वर गेले. त्याचे श्रेय नर्तकांनी घेतले नाही आणि आधीच्या वर्षीचा दोषही त्यांना कोणी दिला नव्हता.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचा माझा निकाल असा: बर्फातली लावणी हे आगाऊ भरलेले भाडे आहे, आणि शिबिरात हवेत उडवलेला व्यवस्थापक हे गुडघ्याला बांधलेले बाशिंग. टोकियोत आता आपली मराठी माणसे बरीच आहेत. तुमच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे तिथे असतील, तर ११ किंवा १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्यांना स्वेटर, कानटोपी घालून इताबाशीला जायला सांगा, आणि धान्य कोठारात पडेपर्यंत ढोलाभोवती किती कामे झाली ती मोजून कळवायला सांगा.